प्रेशरचे मोजे: घरात दोघांचे पाय सुजतात, पण उत्तर एकच नाही

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही भुसावळच्या. मिस्टर 44 वर्षांचे, जळगावला सराफी दुकानात काउंटरमागे दहा तास उभे असतात. संध्याकाळी पाय जड होतात, पोटरीवर निळ्या नसा वर आल्यात, साध्या मोज्याच्या रबराचा वळ रात्रीपर्यंत जात नाही. सासूबाई 68 वर्षांच्या, शुगर पंधरा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, त्यांचेही दोन्ही पाय घोट्याशी सुजतात. मेडिकलवाल्याने ‘नसांचे मोजे’ म्हणून एक जोडी दिली, पाकिटावर फक्त ‘एल’ लिहिलंय. ती दोघांनी आलटून पालटून वापरली तर चालेल का, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात घालायची कशी?

आधी सरळ उत्तर. मिस्टरांना फायदा होण्याची शक्यता चांगली आहे, पण मोजे त्यांच्या पायाचं माप घेऊन आणलेले हवेत. सासूबाईंना तपासणी झाल्याशिवाय घालू नका, अगदी आठवडाभर ‘बघू’ म्हणूनही नाही. खरा प्रश्न मोजे चांगले की वाईट हा नाहीच. सूज कशामुळे आहे, आणि पावलापर्यंत रक्त नीट पोहोचतं की नाही, या दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. मोजे पहिल्याचं उत्तर समजल्यावर आणि दुसऱ्याचं ‘हो’ आल्यावर घालायचे असतात.

हे का, ते सांगतो. धमनी हृदयाकडून रक्त खाली आणते, शीर ते परत वर नेते. खाली यायला हृदयाचा जोर आहे, वर चढायला मुख्यतः पोटरीच्या स्नायूंचा. चालताना पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. हातपंपाचं वॉशर जे काम करतं तेच. माणूस एका जागी उभा असला की घोट्याजवळच्या शिरेतला दाब 80 ते 90 एमएमएचजी (बीपी मोजतात तेच एकक) असतो. हा हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताचाच भार. झडपा धड असतील तर चार पावलं चालल्यावर तो 30 च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा गळत असतील तर चालूनही पुरेसा उतरत नाही. मग शिरेतून पाणी बाहेर झिरपतं, पाय जड होतो, वरच्या नसा फुगून वेड्यावाकड्या होतात, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते, कडक होते.

मोजा बाहेरून आवळून धरतो. शिरेची रुंदी कमी होते, झडपेच्या पाकळ्या एकमेकींजवळ येतात, पोटरी आवळली की तिला टेकायला कठीण भिंत मिळते. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे कमी कमी होत जाणारा असावा लागतो, सगळी करामत त्या उतारात आहे. मोज्याने झडप दुरुस्त होत नाही. फुगलेली नस नाहीशीही होत नाही. त्यामुळे ‘सहा महिने घातले, नसा तशाच आहेत’ ही तक्रार खरी असली तरी मोज्याकडून ती अपेक्षाच चूक होती. जडपणा, ठणक, रात्री पोटरीत येणारे गोळे आणि संध्याकाळची सूज कमी झाली का, एवढंच त्याला विचारायचं.

मिस्टरांसारखे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. दुकानातले सेल्समन, शिक्षक, एसटीचे वाहक, वॉर्डातल्या सिस्टर, जिनिंगवरचे कामगार, रावेर-यावलकडे केळीच्या पॅकिंगला दिवसभर उभ्या असणाऱ्या बाया. बसून असणारेही यात येतात, केळीचा ट्रक घेऊन उत्तरेकडे निघालेला ड्रायव्हर तासन्‌तास पोटरी हलवत नाही. नसा दिसत नसतील आणि फक्त संध्याकाळी पाय भरून येत असतील तर 15 ते 20 एमएमएचजीचे गुडघ्याखालचे मोजे पुरतात. नसा ठळक फुगल्या असतील, रोज सूज येत असेल, तर साधारण 20 ते 30 चे लागतात आणि ते डॉक्टरांना पाय दाखवूनच घ्यावेत. अशा पायाची उभं राहून केलेली डॉपलर सोनोग्राफी (रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी) एकदा झालेली बरी, म्हणजे कोणती झडप गळते ते कळतं आणि पुढे लेझर किंवा आरएफने (दोन्हीत गळकी नस आतून उष्णतेने बंद करतात) उपचार करायचे की मोज्यांवरच चालवायचं हे ठरवता येतं. मांडीपर्यंतचे मोजे बहुतेकांना लागत नाहीत. ते घसरतात, गुडघ्यामागे गोळा होतात, आणि आपल्या उकाड्यात आठवड्याभरात कपाटात जातात.

पाकिटावरच्या ‘क्लास’ला फार महत्त्व देऊ नका. ब्रिटिश पद्धतीत क्लास 2 म्हणजे 18 ते 24, जर्मन पद्धतीत तोच क्लास 2 म्हणजे 23 ते 32. एमएमएचजीचा आकडा छापलेला असेल तरच मोजा घ्या. तुमच्या जोडीवर नुसतं ‘एल’ आहे, म्हणजे तो किती दाबतो हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता सासूबाई. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान होतं ते अशाच पायांचं होतं.

जुन्या शुगरमध्ये दोन गोष्टी बिघडतात. एक, पायाच्या धमन्या अरुंद होतात. वरून येणारं रक्त आधीच कमी, त्यात बाहेरून आवळलं तर पावलाला, अंगठ्याला, टाचेला रक्त अपुरं पडतं. दोन, संवेदना जाते. तुम्हा-आम्हाला मोज्याची घडी टोचली तर आपण लगेच काढतो. त्यांना ती कळणारच नाही. संध्याकाळी मोजा उतरवला की नडगीच्या हाडावर किंवा घोट्याच्या उंचवट्यावर फोड आलेला असतो, आणि शुगरच्या पायावर फोड म्हणजे किती दिवसांचं दुखणं, हे ज्या घरात झालंय त्यांना विचारा. जागाही नेमकी ठरलेली असते. तोच ताण लहान घेरावर जास्त दाब देतो, म्हणून बारीक पायावर, हाडाच्या धारेवर मोजा सर्वांत जोरात दाबतो.

म्हणून आधी एबीआय करून घ्या. दंडाचा वरचा बीपी आणि घोट्याचा वरचा बीपी छोट्या डॉपलर यंत्राने मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. दंडाला 140 आणि घोट्यालाही 140 आलं तर 1.0, ठीक. घोट्याला 84 आलं तर 0.6. अशा पायाला नेहमीचे मोजे घालायचे नाहीत, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी कमी दाब सुचवला तरच. 0.5 च्या खाली असेल तर आवळणं पूर्ण बंद. एक फसगत लक्षात ठेवा. जुन्या शुगरमध्ये धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, कफने दाबल्या जात नाहीत, आणि आकडा 1.3 च्या वर जातो. तो चांगला आकडा नाही, तो भरवशाचा नसलेला आकडा आहे. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. पाऊल गार पडणं, थोडं चालल्यावर पोटरी धरून येणं आणि थांबल्यावर सुटणं, रात्री पाय खाटेखाली लोंबकळवल्यावर बरं वाटणं, ही धमनीची लक्षणं आहेत. यातलं एकही असेल तर मोज्याला हातच लावू नका.

त्यांची सूज कशाची, हेही पाहायला हवं. नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून राहतो का, आणि दोन्ही पायांना सारखा पडतो का, ते बघा. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर शिरांआधी हृदय, किडनी, यकृत, थायरॉइड आणि रक्तातली प्रथिनं कमी होणं यांचा विचार करतात. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) तर शुगरवाल्यांचं दरवर्षी व्हायलाच हवं. बीपीच्या गोळीचं नावही वाचा. अॅम्लोडिपिन असेल, त्यातही 10 मिलिग्रॅमची, तर घोट्याची सूज हा तिचा नेहमीचा परिणाम आहे. त्या गोळीने लहान धमन्या सैल पडतात, शिरा तेवढ्या सैल पडत नाहीत, आणि मधल्या केशवाहिन्यांतून पाणी बाहेर येतं. ही सूज लघवीच्या गोळीनेही फारशी उतरत नाही. डॉक्टरांनी डोस कमी केला, गोळी बदलली किंवा तिच्या जोडीला दुसऱ्या गटातली गोळी दिली की उतरते. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका.

सासूबाईंच्या बाबतीत अजून एक गोंधळ होतो. ‘डायबेटिक सॉक्स’ आणि ‘कॉम्प्रेशन सॉक्स’ दुकानात शेजारी टांगलेले असतात, पण काम उलट आहे. शुगरवाल्यांचे मोजे सैल असतात, वर रबर नसतं, आत शिवण टोचत नाही, जाड मऊ तळवा असतो. ते त्यांनी खुशाल घालावेत.

बाकी कोणाला फायदा होतो ते जरा भरभर सांगतो. घोट्याच्या आतल्या बाजूला महिनोन्‌महिने न भरणारी जखम शिरांमुळे असेल तर दाब हाच तिचा मुख्य इलाज आहे, मलमं नंतर. जखम उघडी असताना थरांचं बँडेज, भरल्यावर मोजे कायम. मोजे सोडले की ती बऱ्याचदा परत उघडते. साधं क्रेप बँडेज इथे पुरत नाही, काही तासांतच सैल पडतं. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पाड्यांवर तरुण मुलाच्या घोट्याशी अशी जखम दिसली तर सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी आधी करा, तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचार वेगळे.

गरोदर बाईला पाय भरून येणं, नसा फुगणं यात गुडघ्याखालचे 15 ते 20 चे मोजे आराम देतात. पण अचानक चेहऱ्यावर, हातावर सूज आली, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर मोजे शोधत बसू नका, त्याच दिवशी बीपी दाखवा. उठून उभं राहिल्यावर ज्यांचा बीपी पडतो त्यांना गुडघ्याखालचे मोजे फार पुरे पडत नाहीत. त्यांना कमरेपर्यंतचे किंवा पोटाचा पट्टा जास्त उपयोगी. हत्तीरोगाच्या किंवा लसिकेच्या सुजेला आधी बँडेजने पाय उतरवतात, मग जाड विणीचे, मापाने शिवलेले मोजे. दुकानातले तयार मोजे त्या पायावर घडीच्या जागी रुततात.

चार तासांहून लांब विमानप्रवासात मोज्यांनी पायाच्या शिरांतल्या रक्ताच्या लहान गुठळ्यांचं प्रमाण कमी होतं, हे चांगल्या पाहण्यांतून दिसलंय. पूर्वी गुठळी झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, कॅन्सरचे उपचार चालू असलेलं, गरोदर, अशांना त्याचा अर्थ जास्त. धडधाकट माणसाने रात्रीच्या रेल्वेत डब्यातून दोनदा फेरी मारली आणि पाणी प्यायलं तरी पुष्कळ आहे.

दोन ठिकाणी मोज्यांवरचा जुना विश्वास टिकला नाही, तेही सांगायला हवं. लकव्याच्या रुग्णाला मांडीपर्यंतचे मोजे घालून गुठळ्या टळतात असं मानत असत. 2009 च्या मोठ्या चाचणीत तसं दिसलं नाही, उलट कातडीला जखमा जास्त झाल्या. पायात गुठळी झाल्यावर दोन वर्षं मोजे घातले की पुढचा त्रास टळतो, हेही 2014 च्या चाचणीत सिद्ध झालं नाही. त्यामुळे गुठळीनंतर ज्याचा पाय दुखतो-सुजतो आणि मोज्याने ज्याला बरं वाटतं त्याने घालावेत, सरसकट सगळ्यांवर सक्ती नको. ऑपरेशननंतर दवाखान्यात मिळणारे पांढरे मोजे तर अंथरुणावर पडलेल्या माणसासाठी असतात, दाब जेमतेम 14 ते 18. घरी आणून चालण्याफिरण्याला तेच वापरणं उपयोगाचं नाही.

आपल्याकडे चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे बरेच जण हे मोजे विचारतात. चालताना पोटरीचा पंप चालूच असतो, त्यामुळे निरोगी पायाला त्यांची गरज नाही. नवे घट्ट मोजे घालून पायी निघालात तर फोडच आधी येतात. नसा फुगलेल्या माणसाने नेहमीचे, सवयीचे मोजे घालावेत आणि मुक्कामाला काढून पाय उशीवर ठेवून झोपावं.

आता मिस्टरांसाठी माप. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, सूज चढायच्या आत शिंप्याच्या टेपने घ्या. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय जिथे सर्वांत बारीक असतो तिथला घेर. पोटरी सर्वांत जाड असते तिथला घेर. उभं राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खालपर्यंतची उंची. दोन्ही पायांचे तिन्ही आकडे लिहा, कारण दोन पाय सारखे असतातच असं नाही. हे आकडे पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. घोट्याचा घेर एका साइजमध्ये आणि पोटरीचा दुसऱ्यात बसत असेल तर अंदाजाने मोठा-लहान घेऊ नका, मापाने बनवून घ्या. घोट्याला सैल आणि पोटरीला घट्ट असा मोजा उतार उलटा करतो, रक्त खालीच अडवतो. बुटाच्या नंबरवरून तर कधीच नको.

घालायची पद्धत चुकली की चांगला मोजाही फेकला जातो. सकाळी अंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडा करा, बोटांमधलंसुद्धा. पावसाळ्यात ज्यांना चिखल्या होतात त्यांनी त्या बऱ्या झाल्यावरच, आणि बोटं उघडी असलेला मोजा. टाचांना भेगा असतील तर आधी घासून मऊ करा, नाहीतर त्यात धागे अडकून मोजा उसवतो. तेल-मलम रात्री लावा, सकाळी नको. अंगठी काढा, नखं कापा, हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड मिळते. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत सारा, टाचेचा खिसा बरोबर टाचेवर बसवा, मग थोडा थोडा वर सरकवत न्या. वरून धरून ओढू नका. बोटं उघडा मोजा असेल तर आधी पावलावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मोजा तिच्यावरून घसरत जातो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. शेवटी तळहाताने सगळ्या सुरकुत्या पुसून काढा. लांब झाला म्हणून वरची कड दुमडायची नाही. दुमडलेली कड म्हणजे पोटरीला बांधलेली दोरीच, दाब दुप्पट होतो आणि खालचा पाय संध्याकाळी आणखी सुजतो. रात्री झोपताना काढून ठेवायचे.

पहिले तीन-चार दिवस दोन-तीन तास, मग वाढवत न्या. बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, एका जागी टोचून दुखलं तर ताबडतोब काढा.

उन्हाचं तुमचं म्हणणं रास्त आहे. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, आणि उष्णतेने शिरा आणखी सैल पडतात, म्हणजे मोज्यांची गरज नेमकी मे महिन्यातच वाढते. पातळ विणीचे, बोटं उघडे मोजे घ्या. दुपारी पोटरीवर मोज्यावरूनच पाण्याचा हलका फवारा मारा, वाळताना गारवा येतो. दुपारी घरी जेवायला येत असतील तर अर्धा तास काढून, पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावं. 20 ते 30 चे अगदीच सहन होत नसतील तर उन्हाळ्यापुरते 15 ते 20 चे घालावेत, पूर्ण सोडण्यापेक्षा ते बरं. काउंटरमागे दर अर्ध्या तासाने टाचा वीस वेळा उचलायच्या, गिऱ्हाईक समोर असतानाही करता येतं.

दोन जोड्या ठेवा. रोज कोमट किंवा साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरा. आपल्या गच्चीवरच्या उन्हात दोरीला लटकवलेले मोजे महिन्याभरात लोळागोळा होतात, आतलं लवचिक सूत मरतं. ब्लीच आणि कंफर्टसारखी द्रावणंही नकोत. चार ते सहा महिन्यांनी बदला. घालायला सोपे जायला लागले की समजा दाब गेला.

एकाच पायाला अचानक सूज, पोटरी दाबल्यावर दुखणं, किंवा लाली आणि ताप असेल तर मोजा नाही, मालिश नाही, त्याच दिवशी डॉक्टर. त्यात दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर थेट इस्पितळ.

तुमच्याकडे असलेली ती ‘एल’ची जोडी पाकीट फाडलं नसेल तर परत करा. फाडलं असेल तर सासूबाईंच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. या आठवड्यात त्यांच्या बीपीच्या गोळीचं नाव आणि डोस, शेवटचं क्रिएटिनिन आणि लघवीचा रिपोर्ट काढून ठेवा, आणि मिस्टरांच्या दोन्ही पायांचे सकाळचे सहा आकडे. ते इथे लिहिलेत तर पुढचं बोलता येईल.